आपल्या वाट्याचे कागद

फाल्गुन वद्य द्वितीया ही तुकोबांची बीज. शके १५७१ मध्ये, म्हणजे इ. स. १६५० साली, याच तिथीस श्रीतुकाराम महाराजांनी देहूहून वैकुंठास प्रयाण केले, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. बीजेच्या दिवशी भर दुपारी नांदुरकीच्या वृक्षाकडे हजारो भाविकांचे डोळे एकाच वेळी वळतात, फुलांची उधळण होते आणि विठ्ठलनामाच्या गजराने इंद्रायणीचा काठ दुमदुमून जातो. आमच्या राजगुरुनगरातून, चाकण-आळंदीकडून, कडूस-वाड्याच्या बाजूने माणसे या दिवशी देहूची वाट धरतात. ज्यांना जाणे घडत नाही ते घरच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडतात.

तुकोबा वैकुंठास गेले कसे, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, लिहिलेही जाते. ते एके दिवशी डोंगरावरून खाली, आपल्या घराकडे आणि घरातल्या देण्याघेण्याच्या दप्तराकडे परत कसे आले, याचा विचार त्या मानाने थोडा होतो. आजच्या पवित्र तिथीला आम्ही त्याच एका प्रसंगापाशी थांबू इच्छितो. तो प्रसंग आमच्या खेड तालुक्याच्या भूमीवर सुरू होतो आणि इंद्रायणीच्या पाण्यात पुरा होतो. आत्मपरीक्षण, नम्रता आणि सत्याचा शोध हे शब्द आपण प्रवचनांतून नित्य ऐकतो. प्रपंचात राहणाऱ्या माणसाने त्यांचे नेमके करायचे काय, हे त्या एका प्रसंगात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल.

दुकानदारीचे घर

तुकोबांचे घराणे मोऱ्यांचे. जातीने कुणबी, व्यवसाय वाणीपणाचा. देहूच्या पेठेची महाजनकी घरात चालत आलेली, त्यामुळे दुकान होते, सावकारी होती, गुरेढोरे होती आणि पूर्वज विश्वंभरबाबांपासून चालत आलेली विठ्ठलाची सेवाही होती. वडील बोल्होबा, माता कनकाई. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे निघाले, म्हणून दुकानाचा भार मधल्या तुकोबांवर कोवळ्या वयातच पडला. धाकटे बंधू कान्होबा. अशा घरात मुलगा पहिली अक्षरे गिरवतो ती हिशेबाच्या वहीतच. तराजू, माप, जमा, नावे, बाकी हे शब्द तुकोबांच्या रक्तात होते, आणि पुढे परमार्थात उतरल्यावरही त्यांची ही हिशेबी दृष्टी सुटली नाही. ती फक्त गिऱ्हाइकावरून स्वतःकडे वळली.

ती वळण्यास कारण झाला दुष्काळ. शके १५५१-५२, म्हणजे इ. स. १६२९-३० चा तो भीषण दुष्काळ दख्खनच्या इतिहासात काळ्या अक्षरांनी लिहिलेला आहे. आईवडील त्याआधीच गेलेले. दुष्काळात गुरे गेली, दुकान बसले, पत गेली. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली आणि थोरला मुलगा संतोबाही गेला. प्रचलित शके धरले तर तुकोबांचे वय त्या वेळी जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे होते.

हे सारे आपल्याला कोठून कळते? इतरांनी लिहिलेल्या चरित्रांआधी ते खुद्द तुकोबांनीच सांगून ठेवले आहे. संतमंडळींनी आग्रहाने विचारले, तेव्हा त्यांनी एका अभंगात आपल्या आयुष्याचा झाडा दिला. स्वतःविषयी सांगणे बरे नव्हे, पण तुमचा शब्द मोडवत नाही, अशा अर्थाची संकोचाची प्रस्तावना करून ते सांगतात. आपण कोणत्या जातीचे, धंदा कोणता, तो कसा बुडाला, बायको अन्न अन्न करीत कशी गेली, त्याची लाज कशी वाटली, हे ते काहीही न झाकता मांडतात. मोठ्या माणसाच्या आत्मचरित्रात यशाची यादी असते. तुकोबांच्या या निवेदनात पहिली नोंद तोट्याची आहे. जमेची बाजू फुगवायची नाही आणि नावेची बाजू लपवायची नाही, हा दुकानदारीतला पहिला धडा त्यांनी येथे स्वतःला लावून दाखविला.

या निवेदनातला क्रमही पाहण्यासारखा आहे. दुःख झाले, त्यानंतर पडक्या देवळाची दुरुस्ती करावीशी वाटली. मग एकादशीस कीर्तन सुरू केले. मग संतांची वचने पाठ केली. मग पुढे गाणाऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. मग देह कष्टवून जमेल तेवढा परोपकार केला. कवित्वाची स्फूर्ती यानंतरची. ज्याची वाणी पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या ओठी बसायची होती, त्याने आरंभ केला तो देवळाची माती उचलून आणि दुसऱ्याच्या मागे सूर धरून. नम्रता म्हणून आपण जिला ओळखतो ती या ठिकाणी कामाच्या रूपाने उभी आहे.

भामचंद्रावरून खाली

चाकणच्या पश्चिमेस शिंदे आणि वासुली या गावांच्या शिवारात भामचंद्राचा डोंगर उभा आहे. कड्यात कोरलेली प्राचीन लेणी आहेत, महादेवाचे स्थान आहे. भंडारा, घोरावडेश्वर आणि भामचंद्र ही तुकोबांच्या चिंतनाची तीन स्थळे. त्यांतले भामचंद्र खेड तालुक्यात येते, याचा आम्हा तालुकावासीयांना अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. सत्याचा निवाडा झाल्याखेरीज उठायचे नाही, असा निश्चय करून तुकोबा या डोंगरावर बसले आणि पंधरा दिवसांनी त्यांना साक्षात्कार झाला, असे परंपरा सांगते.

आज त्या डोंगरावर उभे राहिले की पायथ्यापासून दूरवर कारखान्यांची पत्र्याची लांबलचक छपरे दिसतात. वासुली, शिंदे, भांबोली, सावरदरी, महाळुंगे, निघोजे ही कालपरवापर्यंतची ज्वारी-बाजरीची गावे आता चाकणच्या औद्योगिक वसाहतीची नावे झाली आहेत. रात्रपाळीचा भोंगा आणि काकड आरतीची घंटा एकाच शिवारात ऐकू येतात. कोणी म्हणेल, तुकोबांचा एकांत गेला. ते खरेच आहे, पण आजच्या प्रसंगाला या देखाव्याने बाध येत नाही. कारण साक्षात्कार झाल्यावर तुकोबा डोंगरावर राहिले नाहीत.

भक्तविजय आणि भक्तलीलामृत रचणाऱ्या महिपतींनी पुढची हकीकत सांगितली आहे. थोरला भाऊ कोठे गेला म्हणून कान्होबा रानोमाळ शोध घेत फिरत होते. अखेर भामचंद्रावर दोघांची भेट झाली आणि कान्होबांनी भावाला घराकडे आणले. इंद्रायणीच्या काठी आल्यावर तुकोबांनी घरातली कर्जखते मागवून घेतली. वडिलांच्या वेळेपासून लोकांकडे येणे असलेल्या रकमांचे ते कागद होते.

ज्याला देव भेटला आहे अशा माणसाचे पहिले काम कोणते असावे? आपण कल्पना केली असती तर एखादे थोर प्रवचन, एखादा उत्सव किंवा मंदिराचा कळस डोळ्यांपुढे आणला असता. तुकोबांचे पहिले काम म्हणजे जुने दप्तर सोडणे. डोंगरावर जे सत्य गवसले ते खरे की भास, याची कसोटी त्यांनी घरातल्या कागदांवर घेतली. दुष्काळाने ज्यांचे बैल गेले, बी-बियाणे गेले, घरची माणसे गेली, त्यांच्यावर या कागदांच्या बळावर तगादा लावायचा की नाही? ओठांवर विठ्ठल आणि पेटीत गरिबाचा गळा आवळणारा कागद, या दोन गोष्टी एका घरात नांदू शकतात की नाही? तुकोबांनी उत्तर दिले आणि कागद इंद्रायणीत सोडावयास निघाले.

अर्ध्याची गोष्ट

येथे कान्होबांनी हात धरला. त्यांचे म्हणणे प्रांजळ होते. दादा, तुम्ही विरक्त झालात; आम्हांला मुलेबाळे आहेत, आम्हांला संसार करायचा आहे, अशा आशयाचे ते बोलले. तुकोबा रागावले नाहीत. त्यांनी उपदेश केला नाही, शाप दिला नाही, भावाला लोभी म्हटले नाही. त्यांनी कागदांचे दोन सारखे वाटे केले. एक वाटा कान्होबांच्या हाती दिला. उरलेला आपला वाटा पाण्यात सोडला.

आमच्या मते आत्मपरीक्षणाचा सारा मर्मार्थ या वाटणीत आहे. कागद बुडविले ही गोष्ट सर्वांच्या लक्षात राहते. अर्धेच बुडविले, ही गोष्ट कीर्तनाच्या भरात निसटून जाते. थोरला भाऊ या नात्याने, घरचा कर्ता या नात्याने आणि साक्षात्कारी पुरुष या नात्याने सगळे कागद बुडविणे तुकोबांना अवघड नव्हते. जगाने त्यांना दुप्पट नावाजले असते. पण ते दान दुसऱ्याच्या पैशाने झाले असते आणि ती विरक्ती भावावर लादलेली ठरली असती. आपले सत्य आपल्या वाट्यापुरते. ते पुरे जगायचे, त्याची पूर्ण किंमत आपण मोजायची, आणि दुसऱ्याचा वाटा दुसऱ्याच्या हाती अखंड द्यायचा. नम्रता ती हीच.

आणि पाहा, ज्या कान्होबांनी त्या दिवशी अर्धे कागद मागून घेतले, ते पुढे स्वतः अभंग रचणारे भक्त झाले. बंधूंच्या प्रयाणानंतरचा त्यांचा शोक गाथेत शब्दरूप होऊन राहिला आहे. भावाला लज्जित करून जे साधले नसते, ते त्याला मोकळे सोडल्याने साधले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. राजगुरुनगर हे तालुक्याचे ठाणे. येथे तहसील कचेरी आहे, दस्तनोंदणीचे कार्यालय आहे, न्यायालय आहे. गेल्या तीनेक दशकांत चाकणच्या बाजूला कारखाने उभे राहिले आणि ज्या माळावर हुलगेसुद्धा नीट येत नव्हते त्या माळाला सोन्याचा भाव आला. अनेक घरांत समृद्धी आली, मुले शिकली, पक्की घरे झाली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्याच समृद्धीच्या पाठीमागे सातबारा, फेरफार, खरेदीखत, वाटपाचा दावा हे शब्दही घराघरांत शिरले. एका ताटात जेवलेले भाऊ न्यायालयाच्या आवारात दोन झाडांखाली तोंडे फिरवून उभे राहतात, हे दृश्य तालुक्याच्या कोणत्याही गावाला नवे नाही. दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ असते. दोघेही आषाढीला वारीत चालतात.

यात खटला भरणारा प्रत्येक जण चुकलेला असतो असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अन्याय झालेल्याने न्याय मागू नये, असा तुकोबांच्या कथेचा अर्थ नाही. कान्होबांनी आपला वाटा मागितला आणि तुकोबांनी तो तत्काळ दिला. प्रश्न आहे तो प्रत्येकाने स्वतःला एकांतात विचारण्याचा. मी मागतो आहे तो माझा वाटा आहे, की माझ्या वाट्यात दुसऱ्याचे काही मिसळले आहे?

बहिणींच्या हक्काचा विषय तर याहून नाजूक. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा देणारा बदल हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झाला. कायदा झाला, पण बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवण्याची रीत थांबली नाही. एखादी बहीण मनापासून, समजून-उमजून वाटा सोडते. तो तिचा थोरपणा. पण माहेर तुटेल या भीतीने तिने सही केली असेल, तर भाऊबीजेच्या ओवाळणीत घातलेल्या साडीने त्या कागदाची भरपाई होते काय? तुकोबांनी आपला वाटा सोडला. दुसऱ्याकडून सोडवून घेतला नाही. बीजेच्या दिवशी देव्हाऱ्यापुढे हात जोडताना कपाटातल्या अशा एखाद्या कागदाची आठवण झाली, तर ती आठवण देवानेच करून दिली, असे समजावे.

मापाचेही माप

आपल्या आत्मनिवेदनात तुकोबा एक फार मोलाची गोष्ट सांगतात. खरे काय आणि खोटे काय, हे ठरविताना त्यांनी बहुमताला विचारले नाही. आपल्या मनाला साक्षीला बोलाविले. हे वाचून कोणी म्हणेल, मग सोपेच झाले. माझे मन सांगते तेच सत्य. पण मन हा मोठा लबाड साक्षीदार आहे. त्याला गोड बोलून फितविता येते. तुकोबांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून गाथेत ते आपल्या मनाशी जितके भांडतात तितके जगाशीही भांडत नाहीत. लोक आपल्याला संत म्हणतात आणि आतली अवस्था आपली आपल्याला माहीत आहे, ही बोच त्यांनी वारंवार बोलून दाखविली आहे.

आमच्या भागातल्या वाचकांना ही गोष्ट दोन साध्या उदाहरणांनी पटेल. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथे शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाचे मोल एका काट्यावर ठरते. काटा मारणे हा शब्दप्रयोग मराठीत उगाच आलेला नाही. म्हणून सरकारचा वजने-मापे तपासणारा निरीक्षक ठराविक मुदतीने येतो, दुकानदाराची वजने प्रमाणित वजनाशी ताडून पाहतो आणि त्यांवर शिक्का मारतो. दुसरे उदाहरण कारखान्यातले. तेथे तयार झालेला भाग गेज लावून तपासतात. जास्त भरला तरी बाद, कमी भरला तरी बाद. पण अनुभवी कामगाराला विचारा. तो सांगेल की गेजही वापरून झिजते, म्हणून तेही मुदतीने मास्टर गेजशी जुळवून पाहावे लागते. झिजलेल्या गेजने तपासलेला माल तपासणाऱ्याला नेहमी बरोबरच दिसतो.

मनाचेही तसेच आहे. रोज थोडे थोडे खोटे पचवून ते झिजते, आणि मग त्याला सारे बरोबरच दिसू लागते. हे मन ज्याच्याशी ताडून पाहायचे ते प्रमाण माप कोणते? तुकोबांनी त्यासाठी आधी संतवचने पाठ केली. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ यांच्या वाणीशी आपले मन रोज जुळवून पाहिले आणि मग त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. घरोघरी होणारे हरिपाठाचे पठण, एकादशीचे कीर्तन, पारायणाचा सप्ताह यांचे प्रयोजन हेच आहे. ती आपल्या पुण्याची जमा नव्हे. ती आपल्या काट्याची तपासणी आहे. पारायणाचे सात दिवस संपले आणि आठव्या दिवशी दुकानातले वजन तसेच हलके राहिले, तर निरीक्षक येऊन गेला पण शिक्का उठला नाही, एवढेच म्हणावे लागेल.

या प्रमाण मापाच्या जतनात आमच्या तालुक्याचा हातभार मोठा आहे. तुकोबांच्या टाळकऱ्यांत आणि अभंग लिहून घेणाऱ्यांत दोन नावे अग्रभागी येतात. एक चाकणचे संताजी जगनाडे, घाण्यावर तेल गाळणारे. त्यांची समाधी सुदुंबऱ्यास आहे. दुसरे गंगाराम मवाळ, ज्यांच्या घराण्याचा संबंध कडूसशी आहे. एक तेली, एक ब्राह्मण. दोघांनी एका कुणब्याचे शब्द अक्षर न अक्षर लिहून ठेवले. मुंबई सरकारच्या आश्रयाने शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ आणि १८७३ साली गाथा दोन भागांत छापून काढली, तेव्हा देहू, तळेगाव आणि पंढरपूर यांच्याबरोबर कडूसच्या हस्तलिखिताचाही आधार घेतला होता. दुसऱ्याचा शब्द आपल्या नावाची भर न घालता जसाच्या तसा जपणे, यालाही नम्रताच म्हणतात.

नम्रतेचे सोंग आणि नम्रता

नम्रतेइतकी सहज नक्कल होणारी दुसरी वस्तू नाही. सत्काराच्या व्यासपीठावर आपण काहीच केले नाही असे म्हणणारा मनुष्य पुढच्या सत्काराची तारीख मनात धरून असतो. हा दोष सर्वत्र आहे. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन हा मूळचा छापखानेवाला, तुकोबांसारखाच व्यवहारातला माणूस. तरुणपणी त्याने स्वतःच्या परीक्षणासाठी एक वही केली. तिच्यात तेरा गुण लिहिले, प्रत्येकाला एक पान दिले, पानावर आठवड्याचे सात रकाने आखले आणि चूक झाली की त्या रकान्यात काळा ठिपका देऊ लागला. तेरावा गुण नम्रता. तू गर्विष्ठ दिसतोस असे एका मित्राने सांगितल्यावर त्याने तो यादीत घातला. म्हातारपणी आत्मचरित्रात त्याने कबूल केले की गर्व जिंकणे सर्वांत कठीण गेले. आणि तो पूर्ण जिंकलाच, तर त्या नम्रतेचाच गर्व व्हायचा. सातासमुद्रांपलीकडच्या त्या माणसाने हे लिहिले आणि इंद्रायणीकाठच्या वाण्याने हेच भय देवापुढे बोलून दाखविले. मनुष्याचे मन सगळीकडे एकच.

खऱ्या नम्रतेची ओळख अपमानाच्या वेळी होते. देहूच्या मंबाजी गोसाव्यांची कथा सर्वश्रुत आहे. तुकोबांच्या घरची म्हैस त्यांच्या बागेत शिरली. त्या रागात त्यांनी तुकोबांना काटेरी फांदीने मारले. रात्री कीर्तनाला मंबाजी आले नाहीत, हे तुकोबांच्या ध्यानात आले. ते स्वतः त्यांच्या घरी गेले, दंडवत घातला आणि मारून मारून आपले हात दुखले असतील, म्हणून त्यांची सेवा करू लागले. या कथेवर पुष्कळ जण म्हणतात की असे वागणे संतांनाच शक्य. असेल. पण तुकोबा मंबाजींच्या घरी गेले ते आधी एक गोष्ट मान्य करून: म्हैस आपली होती. मार जास्त बसला, हे खरे. बाग तुडविली गेली, हेही खरे. झालेल्या भांडणात आपली म्हैस किती आणि दुसऱ्याची काठी किती, याचा हिशेब करताना आपली म्हैस आधी मोजणे, एवढे तरी तुम्हा-आम्हाला अशक्य नाही.

जिजाबाईंचा जमाखर्च

तुकोबांच्या आत्मशोधाची गोष्ट सांगताना एका व्यक्तीला अंधारात ठेवणे बरे नव्हे. त्या म्हणजे जिजाबाई, लोकांच्या तोंडी आवली. पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची ही मुलगी भरल्या घरातून आली आणि बुडालेल्या दुकानाची मालकीण झाली. तुकोबांनी आपल्या वाट्याचे कागद बुडविले, त्या दिवशी घरातल्या चुलीचा आधारही त्याच पाण्यात गेला. मुलांना काय घालायचे, हा प्रश्न साक्षात्काराने सुटत नव्हता. तो जिजाबाईंनी सोडवायचा होता. त्या तोंडाने फटकळ होत्या, विठ्ठलालाही बोल लावीत. पण नवऱ्याला जेवू घातल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही, म्हणून भाकरी घेऊन त्या भंडाऱ्याचा चढ चढत, हेही परंपरेनेच सांगितले आहे.

आम्हांला असे वाटते की सत्याच्या मार्गाला लागणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा: माझ्या या साधनेचा खर्च कोण भरतो आहे? मी तासभर पूजेला बसतो तेव्हा पाणी कोण तापविते, दुकान कोण सांभाळते, आजारी आईजवळ कोण बसते? वारीला मी जातो, तेव्हा मागे धारा कोण काढते? ज्याला हा खर्च दिसत नाही त्याचे आत्मपरीक्षण अर्धे राहिले. आपल्या घरांतून अशा किती तरी जिजाबाई आहेत. त्यांच्या नावावर गाथा नाही. परंतु गाथा लिहिली गेली ती त्यांच्या भाकरीवर.

सांजवातेपाशी

मग तुम्ही-आम्ही काय करावे? डोंगरावर जाणे सर्वांना जमणार नाही. त्याची गरजही नाही. दुकानदार दुकान बंद करण्यापूर्वी दिवसाची बाकी काढतो. तशी सायंकाळी देवापुढे दिवा लावल्यावर, शुभंकरोती संपल्यावर, घटकाभर प्रत्येकाने स्वतःची बाकी काढावी. प्रश्न फार नकोत. आज माझ्या हाती जे आले, त्यात दुसऱ्याचे काही होते काय? आज मी बोललो, त्यातले कोणते वाक्य खरे म्हणून बोललो आणि कोणते केवळ मोठा दिसण्यासाठी? आजच्या कुरबुरीत माझी म्हैस कोणती होती? उत्तर मिळाल्यावर त्याचा गाजावाजा करू नये, आणि स्वतःला कोसत रात्रभर जागूही नये. तुकोबांनी पश्चात्तापानंतर देवळाची माती उचलली. आपणही दुसऱ्या दिवशी एक लहानसे काम करावे: घेतलेले परत द्यावे, बोललेले मागे घ्यावे, सुनेला किंवा सासूला, भावाला किंवा हाताखालच्या नोकराला एक नरम शब्द बोलावा. आणि ही परीक्षा घरातल्या दुसऱ्या कोणाची घेऊ नये. मुलांना सक्तीने दिव्यापुढे बसवून त्यांच्या चुका विचारणारा बाप कान्होबांच्या वाट्याचे कागद पाण्यात टाकीत असतो.

बीज बहुधा मार्च महिन्यात येते, आणि २३ मार्चला आमचे गाव आपल्या पुत्राचे स्मरण करते. शिवराम हरी राजगुरू याच खेडचे. १९३१ साली लाहोरला ते भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह फाशी गेले. त्यांच्याच नावाने खेडचे राजगुरुनगर झाले. मार्ग निराळा, काळ निराळा. पण आपण जे सत्य मानले त्याचे मोल स्वतः मोजायचे, ते दुसऱ्याच्या खात्यावर लिहायचे नाही, ही रीत तीच. या दोन स्मरणांमध्ये वाढणाऱ्या आमच्या मुलांना याहून मोठा वारसा कोणता द्यायचा?

इंद्रायणी आजही देहू-आळंदीवरून वाहत तुळापूरला भीमेला मिळते. आमच्या राजगुरुनगराच्या कडेने गेलेली भीमाही तेथेच पोहोचते, आणि दोघी मिळून पंढरीच्या वाटेला लागतात. तुकोबांनी सोडलेले ते कागद केव्हाच विरून गेले, त्यांवरची नावे पुसली गेली, ऋणको मोकळे झाले आणि धनकोही मोकळा झाला. आजच्या पुण्यतिथीस आम्ही तुकोबांच्या चरणी एवढेच मागतो की, आमच्या वाट्याचे कागद ओळखण्याची बुद्धी आम्हांला व्हावी, ते सोडण्याचे बळ यावे, आणि दुसऱ्याच्या वाट्याला आमचा हात कधी न लागो. पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!